बेटावरच्या व्हिलाचा हिशोबही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मॉरिशसच्या रिसॉर्टमधल्या व्हिलांवर आपण पानभर मजकूर छापलात. निळे पाणी, माडांची रांग, अंगणात छोटा तरणतलाव, आणि 'स्वतःचे घर, हमखास भाडे, शिवाय निवासाचा परवाना' असे मधाचे बोट. मांडणी सगळी बातमीची. 'मार्केटिंग उपक्रम' हे दोन शब्द खालच्या कोपऱ्यात अशा टायपात होते की मला चष्मा पुसून पाहावे लागले. छापायला माझी हरकत नाही, वर्तमानपत्र जाहिरातीवर चालते हे मलाही कळते. पण पुरवणी आल्यापासून सांगली-मिरजेतल्या ओळखीच्या माणसांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा आपल्यालाच लिहावे म्हणून बसलो. पत्र लांबले तर कात्री लावा, आकडे तेवढे राहू द्या.

मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो. परदेशी पैसे पाठवण्याचे अर्ज तपासणे हेच माझे काम होते, त्यामुळे कागद वाचायची खोड आहे. त्यातच माझा मेहुणा मिरजेत सर्जन. बायपासलगतचा प्लॉट विकून हातात रक्कम आली आणि त्याच्या डोक्यात मॉरिशस शिरले. "दाजी, तुम्ही एकदा कागद बघा, मग मी सही करतो," असे म्हणून त्याने मला आणि त्याच्या बहिणीला बरोबर नेले. तेव्हा जे पाहिले आणि वाचले त्यावरच हे पत्र आहे. रिसॉर्टचे नाव घेत नाही. फसवणूक कोणी केलेली नाही; सगळे छापील कागदात होते, फक्त पुरवणीत नव्हते.

आधी तिथली रीत सांगतो. मॉरिशसमध्ये परक्या देशाच्या माणसाने जमीनजुमला घ्यायचा तर सरकारची परवानगी लागते. त्यासाठी 1975 चा कायदा आहे. 2002 मध्ये त्यांनी एकात्मिक रिसॉर्ट योजना आणली आणि परदेशी माणसाला ठरावीक प्रकल्पातला व्हिला थेट मालकीने घेता येऊ लागला. 2015 पासून जुन्या योजनांच्या जागी 'प्रॉपर्टी डेव्हलपमेंट स्कीम' आहे, तिचा कारभार तिथले इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड पाहते. किमान 3,75,000 डॉलरचे घर घेतले की खरेदीदाराला आणि कुटुंबाला निवासाचा परवाना मिळतो. तो घर आपल्या नावावर असेपर्यंतच चालतो. घर विकले की परवाना गेला. नागरिकत्वाचा त्याच्याशी संबंध नाही.

हे व्हिला ज्या जमिनीवर उभे आहेत तिची गोष्ट आम्हा ऊसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. त्यातले बरेच मुळात उसाचे मळे. युरोपने साखरेची हमी किंमत 36 टक्क्यांनी उतरवली आणि 2009 मध्ये साखरेचा जुना करारही संपवला. मोठमोठ्या इस्टेटींना ऊस परवडेना. किनाऱ्यालगतच्या रानात मग गोल्फचे मैदान आणि व्हिला उगवले. वारणा-कृष्णेकाठी उसाचा दर पडला तर आपण रास्ता रोको करतो. त्यांनी दर पडल्यावर प्लॉट पाडले. हे निव्वळ निरीक्षण आहे, सल्ला नव्हे.

विक्री कार्यालयात मधोमध काचेखाली प्रकल्पाची प्रतिकृती होती. करंगळीएवढे माड, टिकलीएवढे तरणतलाव, आणि निळ्या राळेचा समुद्र थेट मेहुण्याच्या व्हिलाच्या पायरीला टेकलेला. मेव्हणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याचे फोटोही काढले. मी मोजणीचा नकाशा मागितला. तो यायला चहाचे दोन कप लागले. नकाशात समुद्र आणि व्हिला यांच्यामध्ये एक पट्टा होता, त्यावर 'पा जेओमेत्रिक' असे लिहिलेले. भरतीरेषेपासून आत 81.21 मीटरपर्यंतची ही सरकारी जमीन. फ्रेंचांच्या काळापासूनची राखीव. विकता येत नाही, सरकार ती भाडेपट्ट्याने देते. हॉटेलचे रेस्टॉरंट, खुर्च्या, छत्र्या आणि स्पा त्या पट्ट्यावर. व्हिला त्याच्या मागे. म्हणजे समुद्राकाठी हॉटेल आहे आणि हॉटेलच्या पाठीशी मेहुण्याचे घर. हॉटेलचा भाडेपट्टा किती वर्षांचा उरला आहे, हे मी विचारल्यावर विक्री अधिकारी बाईंनी वहीत टिपून घेतले आणि "कळवतो" म्हणाल्या. हा भाडेपट्टा संपला किंवा हॉटेलचा चालक बदलला, तर ज्या नावासाठी आपण जादा पैसे मोजतो ते नावच फाटकावरून उतरेल. हा प्रश्न आधी विचारायचा, तरणतलावाची खोली नंतर.

आता मूळ मुद्दा. रिसॉर्टमधला व्हिला घेताना खरेदीखत हा कागद महत्त्वाचा खरा, पण त्याच्याबरोबर आणखी दोन कागद असतात आणि आपले नशीब त्या दोनात असते. एक सहमालकीची नियमावली. दुसरा हॉटेलबरोबरचा भाडेकरार, ज्याला तिथे सगळे 'रेंटल पूल' म्हणतात. हे तिन्ही कागद बहुतेक फ्रेंचमध्ये असतात, कारण तिथली दिवाणी संहिता फ्रेंच वळणाची आहे. इंग्रजी तर्जुमा देतात, पण वाद झाला तर फ्रेंच प्रत खरी. खरेदी नोटरीसमोर होते. कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा आपला नोटरी इथे डोळ्यांपुढे आणू नये. तिथला नोटरी हा जबाबदार कायदेतज्ज्ञ असतो, मालकीचा इतिहास तपासतो आणि पैसेही त्याच्या खात्यातून फिरतात. विकासकाने सुचवलेला नोटरी घ्यायलाच पाहिजे असे नाही. आपला वेगळा नेमावा, फी गेली तरी चालेल.

बांधकाम चालू असलेला व्हिला असेल तर तिथे 'वेफा' पद्धतीचा करार होतो: काम जसे पुढे जाईल तसे टप्प्याटप्प्याने पैसे. त्यात एक गोष्ट चांगली आहे. विकासक मध्येच बुडाला तर काम पुरे करून देण्याची बँकेची हमी मागता येते, तिला 'जीएफए' म्हणतात. हमीपत्र कोणत्या बँकेचे आहे ते पाहिल्याशिवाय पहिल्या टप्प्याचे पैसे सोडू नयेत. आपल्याकडे महारेरा येण्याआधी लोकांनी काय भोगले ते आठवावे.

रेंटल पूल कसा चालतो ते पुरवणीने सांगायला हवे होते. पूलमधल्या सगळ्या व्हिलांचे उत्पन्न एका जागी गोळा होते. त्यातून एजंटांचे कमिशन, हॉटेलचा चालवण्याचा खर्च, व्यवस्थापनाची फी आणि दर काही वर्षांनी गाद्या-पडदे-फर्निचर बदलण्याचा निधी वजा होतो. उरेल त्यातले अर्धे मालकांमध्ये क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचे, अर्धे हॉटेलचे. ही आमच्या कागदातली विभागणी. दुसरीकडे प्रमाण वेगळे असेल, क्रम हाच. म्हणजे आपला व्हिला महिनाभर भरलेला आणि शेजारचा रिकामा असला, तरी दोघांच्या पदरात सारखेच. आणि खोलीचा दर ठरवायचा, सवलत द्यायची, नोकर किती ठेवायचे, हे सगळे हॉटेलच्या हातात. घराचा मालक म्हणून सही करतो तो माणूस प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हॉटेल-धंद्यात भागीदार होतो, आणि तोही मत नसलेला. हे ज्याला मंजूर आहे त्याने खुशाल करावे. मेहुण्याला हे ठाऊकच नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे आजोळच्या वाड्यासारखे 'आपले घर' होते.

वापराच्या दिवसांचे कलम तर वाचण्यासारखे. तिथे हॉटेलसाठीच्या एका योजनेत मालकाला वर्षाला जास्तीत जास्त 45 दिवस राहता येते, हा नियमच आहे. व्हिलांच्या योजनेत तसे सरकारी बंधन नाही, पण पूलमध्ये शिरलात की करार बंधन घालतो. आमच्या कागदात नाताळ ते नववर्ष आणि युरोपीय सुट्ट्यांचे आठवडे मालकाला बंद होते, कारण तेव्हाच हॉटेलला चढा दर मिळतो. आता मिरजेच्या सर्जनला सुट्टी मिळते ती दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. दिवाळी हॉटेलच्या चढत्या हंगामात येते, तेव्हा आगाऊ कळवून आणि जागा असेल तर. नाताळ बंद. राहता राहिला मे, जेव्हा तिकडे हिवाळ्याची सुरुवात असते. "म्हणजे माझ्या घरात मला आंब्याच्या दिवसांतच जायचं का?" असे मेव्हणीने सरळ विचारले. विक्री अधिकारी बाई हसल्या. उत्तर करारात होते.

हमीभाड्याचा हिशोब मी हॉटेलच्या रुमालावर मांडून दिला, तोच इथे देतो. आमच्यापुढचा व्हिला सहा लाख डॉलरचा. पहिली तीन वर्षे पाच टक्के भाडे 'गॅरंटीड', म्हणजे वर्षाला 30,000, तीन वर्षांत 90,000. त्याच दरपत्रकात मागच्या गल्लीत तेवढ्याच क्षेत्रफळाचा, त्याच नकाशाचा, पण पूलबाहेरचा व्हिला सव्वापाच लाखांचा होता. फरक 75,000. म्हणजे मिळणाऱ्या नव्वद हजारांतले पंचाहत्तर हजार आपणच आगाऊ भरलेले. आवळा देऊन कोहळा काढणे आपण ऐकले आहे. इथे कोहळा आपला, त्याच्याच फोडी तीन वर्षे आपल्याला वाढायच्या. चौथ्या वर्षी हमी संपते आणि उत्पन्न जे येईल ते.

शिवाय ते पाच टक्के ढोबळ. देखभाल शुल्क महिन्याला अकराशे डॉलर, म्हणजे वर्षाला 13,200. ते वजा केले की 16,800 उरतात, म्हणजे 2.8 टक्के. त्यावर तिथला कर आणि इथला कर अजून लागायचा आहे. विश्रामबागेतल्या कोणत्याही बँकेत मुदत ठेवीवर याहून जास्त मिळते, आणि ठेवीच्या पावतीला गंज चढत नाही.

गंजाचे उगीच लिहिले नाही. विक्रीसाठी सजवलेला व्हिला झकपक होता. मी आणि मेहुणा सकाळी फिरताना पहिल्या टप्प्यातल्या, काही वर्षे जुन्या व्हिलांच्या मागच्या बाजूने गेलो. एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी तपकिरी होऊन पापडासारखी सुटत होती. सरकत्या दाराच्या रुळात बारीक वाळू आणि पांढरे मीठ साचलेले, दार ओढले की करकर. बिजागरी बदललेली दिसत होती, तिच्या नव्या स्क्रूंच्या माथ्यांवरही लाल ठिपके आलेच होते. तरणतलावाच्या काठावरच्या दोन फरशा उचकटून बाजूला ठेवल्या होत्या आणि एक माळी खाली वाकून पंपाशी झटत होता. समुद्राकाठच्या घराला खर्च हा असतोच, यात रिसॉर्टचा दोष नाही. रत्नागिरी-मालवणात ज्यांची घरे आहेत त्यांना विचारा. फरक एवढाच की मालवणात मिस्त्री आपण ठरवतो. तिथे सिंडिक, म्हणजे सगळ्या सहमालकांच्या वतीने देखभाल पाहणारा व्यवस्थापक, ठरवतो, दर कळवतो, आणि आपण मिरजेतून डॉलर पाठवतो.

चक्रीवादळाचे थोडक्यात. हंगाम नोव्हेंबर ते मे. 15 जानेवारी 2024 ला बेलाल आले तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या. घरे तिथे मजबूत बांधतात, ही चांगली बाब. प्रश्न विम्याचा असतो: हप्ता कोणाचा, नुकसानीतला पहिला वाटा कोणाचा, आणि वादळानंतर हॉटेल दोन महिने बंद राहिले तर पूलचे भाडे मिळते की नाही. आमच्या करारात मिळत नव्हते. देखभाल शुल्क मात्र चालू.

आता इकडची बाजू, जी माझ्या नोकरीचा विषय. पुरवणीत तिच्याबद्दल एक अक्षर नव्हते.

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे बँकेत ज्याला सगळे एलआरएस म्हणतात तिच्याखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. ही मर्यादा सगळ्या कारणांची मिळून आहे. परदेशी सहल, परदेशी शेअर, मुलीची आयर्लंडमधली फी, सगळे यातच मोजले जाते. फीसाठी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर जादा रक्कम पाठवता येते. व्हिलासाठी तशी सवलत नाही. नवरा-बायको दोघे मिळून वर्षाला पाच लाख पाठवू शकतात, पण त्यासाठी दोघेही त्या घराचे सहमालक असले पाहिजेत. पैसे प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर जायला हवेत. आमच्या काउंटरवर नेहमीचा प्रश्न असे: "साहेब, उरलेले पुतण्याच्या नावाने लावू का?" पुतण्या मालक नसेल तर नाही. मालमत्तेसाठी अशी जोडाजोड चालत नाही, आणि हे नियमात स्पष्ट लिहिलेले आहे.

कर्जही नाही. अशा भांडवली व्यवहारासाठी पैसे पाठवायला इथल्या बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पाच कोटींचा व्हिला 'सुलभ हप्त्यांत' असे जे छापले होते ते हप्ते विकासकाचे टप्पे आहेत, गृहकर्जाचे नव्हेत. प्रत्येक टप्प्याला रोख रक्कम खात्यात हवी आणि त्या वर्षाच्या मर्यादेत बसायला हवी. काही जण एक रक्कम मार्चअखेर आणि दुसरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवतात. त्यात बेकायदा काही नाही, पण विकासकाच्या टप्प्यांच्या तारखा तशा जुळवून घ्याव्या लागतात, आणि ते करारावर सही करण्याआधी, नंतर नव्हे. काम रखडले आणि पाठवलेले पैसे वापराविना पडून राहिले तर ते 180 दिवसांत परत आणायची जबाबदारीही पाठवणाऱ्याचीच.

मग टीसीएस. दहा लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ गोळा करते. 1 एप्रिल 2025 पूर्वी ही सूट सात लाखांची होती. हिशोबासाठी डॉलर 90 रुपये धरू. अडीच लाख डॉलर म्हणजे सव्वादोन कोटी, त्यातून दहा लाख वजा, उरलेल्यावर 20 टक्के म्हणजे 43 लाख. दोघांचे 86 लाख. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात वजावट मिळते, जादा असेल तर परतावाही मिळतो. पण पैसे पाठवायच्या दिवशी ते खात्यात असायला लागतात. मेहुण्याच्या डोक्यातला आकडा व्हिलाची किंमत, नोंदणी शुल्क आणि नोटरीची फी एवढाच होता. 86 लाख ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला. सर्जन माणूस, हात सहसा हलत नाही त्याचा.

प्राप्तिकराबद्दल दोन गोष्टी. 'करमुक्त बेट' ही भाषा इथे राहणाऱ्या माणसाच्या उपयोगाची नाही. आपण भारताचे निवासी आहोत तोवर जगभरातले उत्पन्न इथे दाखवायचे असते. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, कारण दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा 1982 चा करार आहे, पण भाडे लपत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. परदेशातली मालमत्ता दरवर्षी विवरणपत्राच्या 'शेड्यूल एफए' मध्ये दाखवावी लागते, भाडे येवो न येवो. पत्नी सहमालक असेल तर तिचे इथले उत्पन्न शून्य असले तरी तिलाही विवरणपत्र भरावे लागते. 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली हे न दाखवल्याचा दंड दहा लाख रुपये आहे. 2024 मध्ये लहान रकमांना सूट दिली गेली, पण ती बँक खाते, शेअर वगैरेंसाठी, घर-जमिनीला नाही. व्हिला विकणारा माणूस हे सांगणार नाही, ते त्याचे कामही नाही. आपल्या पुरवणीचे होते.

वारसाहक्काचा प्रश्न मेव्हणीने काढला, आणि तो मला सुचला नव्हता. मेहुण्याने मृत्युपत्रात सगळे तिच्या नावे केले आहे. मॉरिशसमधल्या स्थावराला तिथला कायदा लागतो आणि तिथल्या संहितेत मुलांचा राखीव वाटा असतो. मृत्युपत्राने तो डावलता येत नाही. इथले मृत्युपत्र कितीही पक्के असले तरी त्या घरापुरती गाठ तिथल्या नोटरीशी.

आमचा टॅक्सीवाला मराठी निघाला. घरात क्रिओल ही तिथली बोली, शाळेत थोडे मराठी शिकलेला. मराठी तिथल्या शाळांत शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. त्याचे पूर्वज कोकणातून मजुरीच्या करारावर उसाच्या मळ्यांत आले, एवढे त्याला ठाऊक होते. गाव विसरले गेले होते. त्याला मी विचारले, त्या रिसॉर्टसमोरची वाळू खरोखर 'प्रायव्हेट' आहे का? तो हिंदीत म्हणाला, "बीच सगळ्यांचा आहे साहेब. रविवारी आम्ही डबे घेऊन तिथेच बसतो." भरतीरेषेखालची वाळू तिथे सार्वजनिकच असते. मेहुण्याला हे ऐकून थोडे खट्टू वाटले. मला उलट त्या दिवशी ते बेट जरा जास्त आवडले. त्याने आणखी एक सांगितले, की त्या बाजूला त्याच्या मुलाला घर बांधायला जमीन घेणे आता जमत नाही. पुढे आम्ही दोघेही बोललो नाही.

विरोधासाठी विरोध करायचा नाही म्हणून दुसरी बाजूही लिहितो. 2015 मध्ये डॉलर 64 रुपयांच्या आसपास होता, आज तो कुठे आहे पाहा. डॉलर किंवा युरोत किंमत असलेली वस्तू धरून बसणाऱ्याला रुपयातली ही वाढ मिळाली, आणि गुंतवणूक म्हणून यातला खरा जोर एवढाच आहे. जाहिरातीत हा मुद्दा नव्हता, तो मी पदरचा देतो. तिथे खरेदीची नोंदणी चोख असते, विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही (इथे मात्र लागतो), आणि निवृत्त होऊन वर्षातले सहा महिने खरोखर तिकडे राहणार असेल त्याला पूलबाहेरचा व्हिला शोभेल. विकायची वेळ आली की मात्र गिऱ्हाईक थोडे. स्थानिक माणसाच्या आवाक्यात ती किंमत नसते, आणि परदेशी माणसाला त्याच विकासकाचा नवा टप्पा, नवी हमी आणि नवा रंग समोर दिसत असतो. जुना व्हिला विकायला किती काळ लागला, हे पहिल्या टप्प्यातल्या मालकांना गाठून विचारावे. आम्हाला तिथे एक दक्षिण आफ्रिकेचे गृहस्थ भेटले. त्यांना व्हिला आवडतो, पूल आवडत नाही, आणि करारातून बाहेर पडायला अजून मुदत आहे.

आता आपल्याकडे मागणे. असा मजकूर पुन्हा छापाल तेव्हा 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याच्याच टायपात छापा. आणि जाहिरातदाराला एवढे विचारा: भाडे ढोबळ की निव्वळ, देखभाल शुल्क वर्षाला किती, मालकाला कोणते आठवडे बंद, आणि समोरच्या किनारपट्टीचा भाडेपट्टा कोणाच्या नावे किती वर्षे आहे. चार ओळींत बसते. जो सांगेल त्याचा मजकूर वाचायला मीही तयार आहे. मेहुण्याने सध्या आरक्षणाची रक्कम भरलेली नाही. त्याने पूलबाहेरच्या व्हिलाचा दर लेखी मागवला आहे, नोटरी स्वतःचा पाहिला आहे, आणि मार्चपर्यंत थांबायचे ठरवले आहे. घेतला तर राहण्यासाठी घेईल. भाड्याचा विषय त्याने स्वतःच संपवला.

कळले ते असे की पुढच्या महिन्यात आपली पुरवणी थायलंडमधल्या फुकेतच्या व्हिलांवर येते आहे. तिथे परदेशी माणसाला जमीन मालकीने मिळत नाही, नोंदणीकृत भाडेपट्टा जास्तीत जास्त 30 वर्षांचा. पुढची 30 आणि त्यापुढची 30 ही विकासकाची आश्वासने असतात. तो आकडा पहिल्या परिच्छेदात छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
विश्रामबाग, सांगली